सांडव्यातल्या फळ्या

१

मोरेश्वर खांबेटे सापडले ते सांडव्याच्या खाली, दगडांत अडकलेले. आठवडाभर कोसळणाऱ्या पावसात सकाळीच ते एकटे धरणावर गेले होते. फळ्या उपसायचा त्यांचा लोखंडी आकडा सांडव्यावरच्या लाकडी पुलावर पडला होता. सांडव्यातल्या सहा फळ्यांपैकी सगळ्यात वरची तेवढी उपसलेली होती, बाकीच्या पाच जागच्या जागी. पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवले. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळींनी त्याही आधी निकाल देऊन टाकला होता, की म्हातारा फळ्या काढायला विसरला आणि निस्तरायला गेला तो गेलाच.

प्रतिमा गजभियेला हा निकाल गळ्याखाली उतरत नव्हता. ती नागपूरची, वूस्टरमधल्या एका कंपनीत धरणं तपासायची. मोठी नव्हेत. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी गिरणीसाठी बांधलेली, आता कुणाच्या तरी परसात म्हातारी होत पडलेली छोटी खाजगी धरणं. हे त्यातलंच एक. नऊ मराठी कुटुंबांनी वीस वर्षांपूर्वी वर्गणी काढून जुना समर कॅम्प विकत घेतला, पोरांना पोहायला आणि मोठ्यांना नाव वल्हवायला तळं मिळालं. त्या तळ्याला धरण आहे आणि त्याची देखभाल आता आपल्या गळ्यात पडली, हे घर घेतल्यावर गळकं छप्पर लक्षात यावं तसं मागाहून कळलं. आठ कुटुंबांनी कपाळाला हात लावला. मोरेश्वरकाकांनी बाह्या सरसावल्या.

बांधावर उगवणारी झाडं छाटणं, घुशीसारखे प्राणी बिळं करतील ती बुजवणं, सांडव्याच्या जाळीतला पाला काढणं, हे सगळं ते वीस वर्षं करत आले. वसंतात सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत फळ्या बसवायच्या, म्हणजे तळं काठोकाठ भरतं. पानगळ सुरू झाली की काढायच्या, म्हणजे पुढच्या पाण्याला वाट मोकळी. काकांची पद्धत अशी की रोज संध्याकाळी वरून एकच फळी काढायची. तळं हळूहळू उतरलं पाहिजे, खालच्या लोकांच्या अंगणात एकदम पाणी जाता कामा नये. असा माणूस सहाच्या सहा फळ्या विसरतो?

“नाही विसरले,” मोरेश्वरकाकांच्या पत्नी गिरिजाकाकू म्हणाल्या. त्यांनीच प्रतिमाला बोलावून घेतलं होतं. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता आणि बाहेर पाऊस चालूच होता. “सप्टेंबरच्या शेवटी रोज संध्याकाळी जायचे. चिखलाचे बूट घेऊन परत यायचे. मी काय बघत नव्हते?”

“फळ्या काढताना तुम्ही पाहिलंत, काकू?”

“मी कशाला जातेय तिकडे. पाणी उतरलं की नुसता चिखल दिसतो. दर वर्षी कोजागिरीला तिथेच जमायचं, दुधाचं पातेलं चढवायचं, आणि समोर तळं अर्धं. वीस वर्षं बोलून दाखवतेय मी.” त्यांनी खिडकी लावून घेतली. “आता बोलणार नाही.”

पुढचं दार वाजलं. मुलगा सत्यजित आत आला, डोक्यापासून पायांपर्यंत भिजलेला. तो जर्सी सिटीत राहायचा, मॅनहॅटनला बँकेत होता. वडिलांच्या दिवसांसाठी येऊन राहिला होता. त्याने प्रतिमाला मान हलवून नमस्कार केला आणि वर निघून गेला.

“गॅरेज रिकामं पडलंय, तरी गाडी रस्त्यावर लावतो,” काकू म्हणाल्या. “बोलत नाही, जेवत नाही. बापाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला चांगला दोन दिवस आला होता, दुसऱ्या दिवशी आम्ही तपासणीला गेलो तर घरी थांबला, हसत खेळत होता. त्यानंतर आठवड्याभरात हे.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “शनिवारी शोकसभा आहे. विक्रम तळ्याच्या क्लबचा अध्यक्ष, तो बोलणार. सगळ्यांसमोर सांगणार, की चूक झाली, पण माणूस चांगला होता. ते ‘पण’ मला नकोय, प्रतिमा. त्यांच्या नावापुढे ते राहायला नको.”

“मी बघते. पण तुम्हाला एवढी खात्री आहे, तर लोक विसरले असं का म्हणतात?”

काकूंनी ओट्यावरच्या फडक्याची घडी घातली.

“कारण ते स्वतःच तसं म्हणाले. त्या सकाळी त्यांना तळ्यावरून फोन आला. तो घेऊन ते गॅरेजमध्ये गेले, लवकर आलेच नाहीत. मी दार उघडलं तर स्टुलावर बसलेले, फोन हातात. म्हणाले, ‘विसरलोच मी गिरिजा, फळ्या राहिल्या.’ निघताना विक्रमलाही फोन करून तेच सांगितलं.” त्यांनी प्रतिमाकडे पाहिलं. “बेचाळीस वर्षांचा संसार आहे माझा. ते खोटं बोलत होते.”

२

विक्रम सरपोतदार छत्री घेऊन बांधावर उभा होता, बूट चिखलाला लागू नयेत अशा बेताने. चाळिशीचा, उत्साही, सगळ्या कार्यक्रमांचा पुढाकार घेणारा माणूस. आज त्याचाही आवाज बसला होता.

“लुक प्रतिमा, मी काकांना ब्लेम करत नाहीये. पण फॅक्ट्स आर फॅक्ट्स. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं होतं. बांध फुटला असता तर खाली चार घरं आहेत. इन्शुरन्सवाले विचारणार, स्टेटवाले विचारणार. मी काय सांगू?”

“कोजागिरीला तळं भरलेलं हवं, असं तुम्हीही म्हणाला होतात ना?”

तो चपापला. “म्हणालो होतो. ऐंशी लोक येणार होते, बॉस्टनहून गायक बोलावला होता. मी काकांना विचारलं, दोन आठवडे फळ्या राहू देत का? ते म्हणाले, ऑक्टोबरच्या पावसाला तुमच्या गाण्याची तारीख माहीत नसते. मी विषय सोडला. कॅन्सलच झालं शेवटी सगळं.”

“फळ्या काढल्या की ठेवतात कुठे?”

“त्या शेडमध्ये. का?”

शेड बांधाच्या टोकाशी होती. कुलूप नव्हतं, कडी तेवढी. आत फळ्यांसाठी भिंतीला ठोकलेली मांडणी रिकामी होती आणि तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोळ्याचं जाळं होतं, धुळीने जड झालेलं. या मांडणीवर बऱ्याच महिन्यांत काही ठेवलं गेलं नव्हतं. म्हणजे विक्रमचंच खरं. फळ्या काढल्याच नव्हत्या, तर ठेवणार कुठून?

“गेल्या हिवाळ्यात कुठल्यातरी कॉलेजच्या पोरांनी यातल्या दोन शेकोटीत घातल्या,” विक्रम म्हणाला. “काकांनी पदरच्या पैशांनी नव्या करून घेतल्या. फार लागलं होतं त्यांना.”

प्रतिमा परत सांडव्यावर आली. पाणी आता उतरलं होतं आणि उरलेल्या पाच फळ्या उघड्या पडल्या होत्या. ती पुलावरून खाली उतरली, बाहेरच्या बाजूने, जिथे काका सापडले होते तिथे. तिथे उभं राहणं तिला जड गेलं. दर वसंतात ती तपासणीला यायची, तेव्हा काका इथेच उभे राहून, धरण म्हणजे लेक असावी अशा कौतुकाने सगळं दाखवायचे आणि शेवटी डब्यातून आणलेली थालीपीठं तिच्या हातावर ठेवायचे. तिने मन आवरलं आणि फळ्यांकडे पाहिलं.

मग तिने हातमोजा काढला आणि बोटाने एक फळी खरवडली. जाड, केसाळ, हिरवंगार शेवाळ नखात आलं.

“विक्रम, खाली या. बूट विसरा.”

तो कुरकुरत उतरला.

“उन्हाळाभर या फळ्यांची एक बाजू तळ्याच्या पाण्यात असते, दुसरी हवेत. शेवाळ कुठल्या बाजूला धरेल?”

“पाण्याच्या. आतल्या.”

“मग हे बघा. ही, ही आणि ही. शेवाळ बाहेरच्या बाजूला आहे. आठवड्याच्या पावसाने एवढं शेवाळ येत नाही. या फळ्या काढल्या होत्या.” तिने ओलं बोट रुमालाला पुसलं. “आणि कुणीतरी त्या परत बसवल्या. उलट्या.”

३

कॅम्पच्या केबिनमध्ये राजस नावाचा विद्यार्थी राहायचा. वूस्टरला पीएचडी करत होता. आठवड्याचे बरेच दिवस लॅबमध्येच काढायचा आणि शनिवार-रविवार इथे येऊन काकांना हातभार लावायचा, त्या बदल्यात राहायला फुकट. त्या सकाळी काकांना फोन केला तो यानेच.

विक्रमने वाटेतच ठरवून टाकलं होतं. “तोच. जवळ राहतो, फळ्या हाताळतो. दुसरं कोण? मी आजच त्याला केबिन खाली करायला सांगतो.”

“आधी मला बोलू द्या,” प्रतिमा म्हणाली, आणि त्याला गाडीत बसवून आली.

राजसने दार उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याने बरेच दिवस धड झोप घेतली नव्हती.

“तुला माहीत होतं फळ्या काढल्यात ते,” ती म्हणाली.

तो खाटेच्या कडेला बसला. “हो. सप्टेंबरच्या शेवटच्या वीकेंडला तळं उतरलेलं पाहिलं मी. मग लॅबमध्ये अडकलो. गुरुवारी रात्री आलो, आणि शुक्रवारी सकाळी उजाडल्यावर बघतो तर पाणी पार वर आणि फळ्या परत जागेवर. मी काकांना फोन लावला.”

“हे कुणाला सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू यार? काका स्वतः सगळ्यांना सांगून गेले की काढायच्या राहिल्या. मी काय त्यांना खोटं ठरवू? आणि फळ्या काढल्या होत्या म्हटलं की पुढचा प्रश्न, परत कोणी लावल्या? इथे राहतो मी एकटा. माझा व्हिसा आहे, माझे आईवडील साताऱ्याला आहेत. कोण विश्वास ठेवेल?”

“फळी बसवताना शेवाळाची बाजू कुठे ठेवायची?”

“आत. तळ्याकडे.” त्याने विचार न करता सांगितलं. “नेहमीची बाजू पाण्याकडे राहिली की खाचेत घट्ट बसते. एप्रिलमध्ये मी एक उलटी धरली होती तर काकांनी परत काढायला लावली.”

प्रतिमाने सुस्कारा सोडला. हा नव्हे. ज्याने बसवल्या त्याला काकांनी कधी शिकवलं नव्हतं.

“फोनवर काका काय म्हणाले? नीट आठव.”

“मी म्हटलं, काका, पाणी माथ्याला आलंय. ते म्हणाले, ‘असं कसं, सांडवा मोकळा आहे.’ मी म्हटलं, नाही, फळ्या आहेत ना. मग ते गप्पच झाले. मला वाटलं कॉल ड्रॉप झाला. मग दार उघडल्याचा आवाज आला, चालल्याचा. परत बराच वेळ काही नाही.” राजसने हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. “मग एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, ‘राजस, तू बांधावर पाऊल टाकायचं नाहीस. मी येतो. आणि या फळ्यांबद्दल कुणाशी बोलायचं नाही.’ मी ऐकलं त्यांचं. केबिनमध्ये बसून राहिलो. मी गेलो असतो तर ते वाचले असते का, ताई?”

भरल्या पाण्याचा दाब फळीला खाचेत असा दाबून धरतो की दोन माणसांनाही ती हलत नाही, आणि हललीच तर एकदम सुटते. कदाचित दोघेही गेले असते. तिने तसं सांगितलं. त्याला त्याने बरं वाटलं नाही.

परतताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. काकांनी फोनवर बोलता बोलता एक दार उघडलं, आत पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. त्यांना तिथे काय दिसलं? की जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही?

४

“काकू, मला तुमचं गॅरेज बघायचंय.”

काकूंनी स्वयंपाकघरातलं आतलं दार उघडून दिलं आणि त्या चहा टाकायला वळल्या. गॅरेजमध्ये काकांची गाडी नव्हती, ती अजून कुणी तळ्यावरून आणली नव्हती. बर्फाचं फावडं होतं, रंगाचे डबे होते. मागच्या भिंतीला खाली दोन लाकडी ठोकळे समांतर मांडले होते, वर काही लांबट ठेवण्यासाठी, आणि ठोकळ्यांवर काही नव्हतं. प्रतिमा गुडघ्यांवर बसली. ठोकळ्यांच्या मध्ये जमिनीवर हिरवट पापुद्रे पडले होते. वाळलेलं शेवाळ. तिने चिमटीत धरलं तर त्याचा चुरा झाला.

शेकोटीत दोन फळ्या गेल्यावर ज्याला फार लागलं होतं, तो यंदा फळ्या शेडमध्ये कशाला ठेवेल? रोज संध्याकाळी एक फळी गाडीत घालून घरी आणली, तळाशी ठोकळे देऊन वाळत ठेवली. विक्रमला त्याचा पत्ता नव्हता, राजसलाही नव्हता. काकू तळ्यावर जात नव्हत्या आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीशी त्यांचं काही काम नव्हतं. त्या सकाळी काकांनी हे दार उघडलं आणि ठोकळे रिकामे पाहिले. कुलूप तोडलेलं नाही, काच फुटलेली नाही. बाहेरचं दार आकड्यांच्या बटणांवर उघडतं, आणि ते आकडे घरातल्यांखेरीज कुणाला ठाऊक असणार?

मागे पावलं वाजली. सत्यजित दारात उभा होता. आत यायला तयार नव्हता.

“तू इथे गाडी का लावत नाहीस?” प्रतिमाने विचारलं.

त्याने रिकाम्या ठोकळ्यांवरून नजर काढून घेतली.

“ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आईबाबा डॉक्टरकडे तपासणीला गेले. तू घरी होतास. फळ्या इथे होत्या. पाऊस अजून सुरू झाला नव्हता, सांडवा कोरडा होता. एकट्या माणसाला बसवता येतात तेव्हा. शेवाळाची बाजू कुठे ते मात्र तुला माहीत नव्हतं.”

“मला वाटलं, इट्स जस्ट वुड,” सत्यजित म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, बरेच दिवस आत धरून ठेवलेलं बोलताना होतो तसा. “आई दर वर्षी म्हणायची, एकदा तरी काठोकाठ भरलेल्या तळ्यात चंद्र बघायचाय. फोनवर म्हणाली परत, यंदाही चिखलच. मी म्हटलं सरप्राइज देऊ. कोजागिरी झाली की रविवारी मी स्वतः काढणार होतो. बाबांना डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं, ते तळ्यावर जाणार नव्हते. त्यांना कळलंच नसतं. मग पाऊस लागला. मला काय माहीत पाऊस आणि फळ्या यांचा... मी कधी गेलोच नाही त्यांच्याबरोबर. दर वर्षी बोलवायचे.”

“बाबांनी फोन केला तुला. इथूनच, स्टुलावर बसून.”

“मी ट्रेनमध्ये होतो. म्हणाले, ‘फळ्या तू नेल्यास?’ मी म्हटलं, हो, आईसाठी. ते रागावले नाहीत. मला वाटत होतं ओरडतील. म्हणाले, ‘बरं. आईला कळू द्यायचं नाही. तिला वाटेल तिच्यामुळे झालं. मी विसरलो म्हणून सांगतो, माझ्या वयाला खपून जाईल.’” सत्यजितने भिंतीला हात लावला. “म्हणाले, ‘मी जाऊन काढून येतो, तू काळजी करू नकोस.’ दॅट वॉज इट. ते शेवटचं.”

म्हणजे ते खोटं त्यांनी इथे बसून, विचार करून ठरवलं होतं. मुलासाठी थोडं आणि बायकोसाठी जास्त. जिवंत परत आले असते तर ते महिनाभर थट्टेचा विषय झाले असते आणि गोष्ट मिटली असती. प्रतिमाला त्या भल्या माणसाचा राग आला, आणि राग आल्याचं वाईट वाटलं.

“मी वचन दिलंय त्यांना,” सत्यजित म्हणाला. “तू आईला सांगू नकोस. प्लीज. लोक म्हणू देत विसरले म्हणून.”

“आणि राजस? विक्रमला आता ठाऊक आहे फळ्या कुणीतरी परत लावल्या ते. शनिवारी तो राजसचं नाव घेईल.”

सत्यजितच्या मागे, स्वयंपाकघरात, चहा उतू जाऊन जळल्याचा वास येत होता. दोघांनी एकदमच वळून पाहिलं. गिरिजाकाकू दाराशी उभ्या होत्या. गॅस बंद करायला त्या गेल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

५

शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं जमली. समोर काकांचा फोटो, हार, समई. काकू पहिल्या रांगेत एकट्या बसल्या होत्या, शेजारच्या खुर्चीवर त्यांची शाल आणि पिशवी. सत्यजित शेवटच्या रांगेत, दाराजवळ. गॅरेजमधल्या त्या संध्याकाळनंतर त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. प्रतिमाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की फळ्यांचं तू सांग, माणसांचं मी सांगेन.

प्रतिमाने सांगितलं. शेवाळ कुठल्या बाजूला होतं, त्याचा अर्थ काय, मोरेश्वरकाकांनी सहाही फळ्या वेळेवर आणि नेहमीच्या पद्धतीने कशा काढल्या होत्या. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. दोन-चार माना भिंतीशी उभ्या असलेल्या राजसकडे वळल्या. विक्रम माइककडे सरकला, तेवढ्यात काकू उठल्या.

“हे विसरले नव्हते,” त्या म्हणाल्या. त्यांनी माइक घेतला नाही, पण ऐकू येत होतं. “विसरलो असं सांगून गेले. मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं. तळं भरलेलं बघायची हौस माझी होती. बोलून बोलून मी ती घरभर करून ठेवली. कुणाला तरी वाटलं, पुरवावी. ज्याने पुरवली त्याने प्रेमापोटीच केलं, आणि त्याला पाण्यातलं काही कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. ज्यांना कळत होतं त्यांचं आम्ही कधी नीट ऐकलं नाही.”

त्यांनी समोरच्या फोटोकडे पाहिलं.

“माझ्यासाठी खोटं बोलून ते गेले. मला ते चालणार नाही. त्यांच्यामागे ते खोटं आता कुणी ओढत बसू नये. मी नाव घेणार नाही. मी घेऊन उपयोग नाही.”

आणि त्या खाली बसल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

प्रतिमाने मात्र पाहिलं. सत्यजितचं डोकं खाली होतं, दोन्ही हात गुडघ्यांवर. दार त्याच्या अगदी जवळ होतं. तो निघून जाईल असं तिला क्षणभर खरंच वाटलं, आणि गेला असता तर तिने त्याला दोष दिला असता की नाही, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं.

मग तो उठला.

“राजसने काही केलेलं नाही,” तो म्हणाला. “फळ्या मी लावल्या.”

त्याने इंग्रजीत सुरुवात केली, मग मराठीत आला, मधे अडखळला, पण शेवटपर्यंत सांगितलं. गॅरेज, रिकामा सांडवा, ट्रेनमध्ये आलेला फोन. वडिलांनी रागावण्याऐवजी काय म्हटलं तेही. विक्रमने हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. राजस भिंतीला टेकून खाली बसला. दुःखाच्या घरी काय बोलावं ते सगळ्यांना येत होतं, पण हे त्यातलं नव्हतं.

सांगून झालं तरी सत्यजित उभाच राहिला. बसायचं की बाहेर जायचं, त्याला कळत नसावं.

पहिल्या रांगेत गिरिजाकाकूंनी शेजारच्या खुर्चीवरची शाल आणि पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.